छोटे रिव्हॉल्व्हर, मोठा धक्का

जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने ‘निर्भीक’ हे रिव्हॉल्व्हर विक्रीस आणले, तेव्हा त्याची जेवढी चर्चा झाली तेवढी देशी बनावटीच्या नागरी शस्त्राची क्वचितच झाली असेल. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या अमानुष घटनेची पार्श्वभूमी त्याला होती. टायटॅनियमच्या मिश्रधातूचा सांगाडा, सुमारे ५०० ग्रॅम वजन, पर्समध्ये मावेल असा आकार, दागिन्यांच्या डब्यासारखी गडद लाल पेटी आणि किंमत एक लाख २२ हजार ३६० रुपये! महिलांच्या सुरक्षेची जबाबदारी महिलांच्याच पर्समध्ये टाकली जात असल्याची टीका तेव्हा झाली, आणि ती रास्तही होती. या वादात एक साधा प्रश्न मात्र मागे पडला. एवढेसे शस्त्र प्रत्यक्ष चालवताना हाताला काय अनुभव येतो?

या प्रश्नाचे उत्तर दुकानाच्या काउंटरवर मिळत नाही. त्यासाठी रेंजवरच जावे लागते. शहरातील एका रायफल क्लबच्या रेंजवर एक परवानाधारक महिला आपले नवे .३२ बोअरचे छोटे रिव्हॉल्व्हर पहिल्यांदा चालवणार होत्या. ती परीक्षा पाहण्याची संधी प्रस्तुत प्रतिनिधीला मिळाली. सोबत तीस काडतुसे होती. पहिला अर्धा तास एकही गोळी झाडली गेली नाही. प्रशिक्षकांनी सिलिंडर उघडून रिकामा असल्याची दोनदा खात्री करून घेतली, नळीचे तोंड नेहमी लक्ष्याच्या दिशेने ठेवायला लावले आणि नेम धरेपर्यंत बोट चापावर नव्हे, तर सांगाड्याच्या कडेला सरळ ठेवण्याचा सराव करून घेतला. ‘मॅडम, नळी छोटी आहे, म्हणून जास्त सांभाळा. मनगट जरा वळले तरी तिचे तोंड शेजारच्या माणसाकडे जाते,’ हे त्यांचे वाक्य लक्षात राहण्यासारखे होते.

मग सात मीटरवर सहा गोळ्या. पहिली गोळी कागदाच्या मध्याजवळ लागली. उरलेल्या पाचांपैकी चार खाली डावीकडे गेल्या आणि एक कागदाबाहेर. प्रशिक्षकांना त्याचे मुळीच आश्चर्य वाटले नाही. पहिल्या गोळीचा धक्का अनपेक्षित असतो. दुसऱ्या गोळीपासून हात तो धक्का येण्याआधीच त्याला विरोध करू लागतो आणि नळी खाली झुकते. उजव्या हाताच्या नेमबाजाच्या गोळ्या अशा वेळी बहुधा खाली डावीकडेच जातात.

वास्तविक .३२ एस अँड डब्ल्यू लाँग हे काडतूस अजिबात आडदांड नाही. १८९६ पासून प्रचारात असलेले हे काडतूस त्याच्या मऊ धक्क्यासाठीच ओळखले जाते. २५ मीटर सेंटरफायर पिस्तूल प्रकारात जगभरचे स्पर्धक आजही ते पसंत करतात. मात्र स्पर्धेचे पिस्तूल एक किलोहून जड असते आणि नियमाने ते १४०० ग्रॅमपर्यंत असू शकते. फरक पडतो तो इथेच. सुमारे साडेसहा ग्रॅमची गोळी सेकंदाला दोनशे मीटरच्या आसपास वेगाने पुढे जाते, तेव्हा शस्त्र तेवढ्याच संवेगाने मागे येते. शस्त्राचे वजन निम्मे केले, तर मागे येण्याचा वेग दुप्पट होतो आणि हाताला सोसावी लागणारी ऊर्जाही दुप्पट होते. दिवसभर पर्समध्ये वाचवलेले पाचशे ग्रॅम गोळी झाडण्याच्या क्षणी तळहाताकडून असे वसूल केले जातात. त्यातच मूठ आखूड असल्याने करंगळीला धरायला जागा उरत नाही.

दुसरी अडचण नेमाची. नळीच्या टोकावरील माशी आणि मागची खाच यांतील अंतर जितके कमी, तितकी छोटी चूक मोठी होते. हे अंतर बारा सेंटिमीटर धरले आणि माशी अवघी एक मिलिमीटर बाजूला सरकली, तर पंधरा मीटरवर गोळी साडेबारा सेंटिमीटर बाजूला लागते. स्पर्धेच्या पिस्तुलात हे अंतर बावीस सेंटिमीटरपर्यंत ठेवता येते आणि तीच चूक सात सेंटिमीटरच्या आत राहते. ‘निर्भीक’चा प्रभावी पल्ला पंधरा मीटर असल्याचे सांगितले गेले होते. गोळी तेवढे अंतर निश्चितच कापते. ती कुठे लागेल, हे चालवणाऱ्यावर असते.

तिसरी आणि बहुधा सर्वांत मोठी अडचण चापाची. घोडा हाताने मागे न ओढता थेट चाप दाबून गोळी झाडायची असेल (याला डबल अॅक्शन म्हणतात), तर बोटाला सिलिंडरही फिरवावा लागतो आणि घोडाही उचलावा लागतो. बहुतेक रिव्हॉल्व्हरमध्ये त्यासाठी चार-पाच किलोपर्यंतचा दाब लागतो. पाचशे ग्रॅमची वस्तू हलू न देता तिच्यावर तिच्या वजनाच्या आठ-दहा पट जोर लावायचा, अशी ही कसरत आहे. स्पर्धेच्या २५ मीटर पिस्तुलाच्या चापाला किमान एक किलोची अट असते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्णपदक मिळवले, ते .२२ बोअरच्या पिस्तुलाने. तिथे खेळाडूच्या सोयीचा प्रत्येक घटक शस्त्रात असतो. छोट्या रिव्हॉल्व्हरमध्ये यातली जवळपास प्रत्येक सोय आकारासाठी सोडून दिलेली असते.

रेंजवर नेमाइतकीच शस्त्राच्या भरवशाचीही परीक्षा व्हायला हवी. रिव्हॉल्व्हरच्या सहाही घरांतून गोळी निघते का, घोड्याचा आघात काडतुसाच्या बुडावर मध्यभागी व पुरेसा खोल पडतो का, रिकामी काडतुसे अडकतात का, हे पाहावे लागते. नव्या शस्त्रावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, याचे अलीकडचे उदाहरण अमेरिकेतील आहे. २०१८ मध्ये सिग सॉअर कंपनीने पी ३६५ हे ९ मिमीचे पिस्तूल आणले. जेमतेम अर्धा किलो वजनात दहा गोळ्यांची मॅगझिन बसवल्याने छोट्या पिस्तुलांची बाजारपेठच बदलली. पण सुरुवातीच्या काही पिस्तुलांत स्ट्रायकर तुटण्याच्या व चाप पुढे न येण्याच्या तक्रारी आल्या आणि त्यानंतर सुधारणा झाल्या. अनेक अमेरिकी ग्राहक काही शे गोळ्या झाडल्याशिवाय नवे पिस्तूल जवळ बाळगत नाहीत. आपल्याकडे काडतुसे महाग आणि परवान्यावरील मर्यादेत मिळतात. त्यामुळे खरेदीनंतर दहा-बारा गोळ्या झाडून शस्त्र कपाटात ठेवणारेच अधिक. शिवाय ९ मिमी हा बोअर आपल्याकडे प्रतिबंधित वर्गात मोडत असल्याने सर्वसामान्य परवानाधारकाला .३२ कडेच वळावे लागते.

देशी शस्त्रांतही दरम्यान बदल झाले. ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड २०२१ मध्ये विसर्जित झाले आणि कानपूरचा कारखाना अॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या सरकारी कंपनीकडे गेला. या कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘प्रबळ’ हे .३२ रिव्हॉल्व्हर आणले. त्याची नळी ७६ मिमी, सिलिंडर बाजूला उघडणारा, पल्ला पन्नास मीटर असल्याचा दावा आणि वजन काडतुसांशिवाय सुमारे ७०० ग्रॅम. म्हणजे ‘निर्भीक’पेक्षा ते दोनशे ग्रॅमने जड आहे. चालवणाऱ्याच्या दृष्टीने ही तक्रार नव्हे, सोयच म्हणावी लागेल.

कायद्याची चौकट थोडक्यात अशी. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवाना अनिवार्य असून पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत तो आयुक्त, तर अन्यत्र जिल्हा दंडाधिकारी देतात. २०१६ च्या नियमांनी सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाची अट घातली. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली आणि आनंदाच्या भरात हवेत गोळीबार करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली.

पहिल्यांदा रेंजवर जाणाऱ्यांसाठी एक सूचना. पिस्तुलाचा आवाज १४० डेसिबलच्या पुढे जातो आणि आखूड नळीत तो अधिक कर्कश असतो. प्रस्तुत प्रतिनिधीने क्षणभर कानावरचा मफ सरकवला होता. त्या चुकीची शिक्षा कानाने संध्याकाळपर्यंत भोगली. डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवा. गोळीतील शिशामुळे परतताना हात साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नये.

त्या महिलेच्या परीक्षेचा पुढचा भाग अधिक बोलका होता. प्रशिक्षकांनी सिलिंडरमध्ये मध्येच एखादे रिकामे काडतूस बसवून दिले. ते नेमके कुठे आहे, हे त्यांना माहीत नव्हते. चाप दाबला, गोळी निघाली नाही, तरी नळी झटकन खाली गेली. आपली चूक त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसली. त्यानंतर लक्ष्य सातऐवजी तीन मीटरवर आणले गेले. चौथ्या फेरीत पाच गोळ्या तळहाताएवढ्या जागेत लागल्या. तोवर अंगठ्याच्या मुळाशी कातडी लाल झाली होती. पंधरा मीटरचे लक्ष्य त्या दिवशी लावलेच नाही. उरलेली सहा काडतुसे मोजून त्यांनी डब्यात ठेवली आणि नोंदवहीत सही करताना क्लबच्या .२२ पिस्तुलावर सराव करता येईल का, अशी चौकशी केली.