सुईणीच्या हातचे पाणी

बाप्तिस्म्याला आपण मराठीत 'स्नानसंस्कार' म्हणतो. हा शब्द आपल्या तोंडी इतका रुळला आहे, की त्यातले 'स्नान' आता लक्षातही येत नाही. परंतु अंधेरी-मरोळ परिसरातील जुन्या ख्रिस्ती वस्तीचा इतिहास पाहू लागले, की बाळाची दोन स्नाने शेजारी शेजारी उभी राहतात. एक चर्चमधील कुंडावरचे, दुसरे घरच्या न्हाणीतले. पहिल्याची नोंद धर्मग्रामाच्या दप्तरात होते. दुसऱ्याची कोठेच होत नाही. आम्हांला बोलायचे आहे ते या दुसऱ्या स्नानाविषयी, आणि ते घालणाऱ्या बाईविषयी.

कोंडिविटे येथे येशूसंघीय धर्मगुरूंनी १५७९ साली चर्च उभारले. ते अर्पण केले होते संत योहान बाप्तिस्ता याला, म्हणजे यार्देन नदीत लोकांना स्नान घालणाऱ्या संताला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात साथीच्या रोगाने तेथील वस्ती मोडली आणि धर्मग्राम मरोळला हलले. जाताना लोकांनी वेद्या नेल्या, घंटा नेली आणि स्नानसंस्काराचे दगडी कुंडही नेले. जुन्या चर्चच्या भिंती आज सीप्झच्या कुंपणाआत उभ्या आहेत. गाव उठताना माणसे जड दगड सहसा मागे ठेवतात. हा दगड त्यांनी मागे ठेवला नाही, यावरून त्याची किंमत कळते.

ही किंमत भीतीतूनही आली होती. स्नानसंस्कारावाचून दगावलेले बाळ 'लिंबो'त जाते, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या होती. आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने २००७ साली अशा बालकांच्या तारणाची आशा बाळगण्यास सबळ आधार आहे असे म्हटले. पण आपल्या पणज्यांच्या वाट्याला हा दिलासा आला नव्हता. १९२१ साली मुंबई शहरात नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेंहून अधिक अर्भके वर्षाच्या आत दगावल्याची नोंद आहे. पुष्कळ बायका बाळंतपणासाठी गावी जात, तेथील जन्म शहराच्या खात्यात येत नसत. त्यामुळे हा आकडा फुगलेला आहे हे खरे. तो निम्मा धरला तरी अंगावर काटा येतो.

बाळ निळे पडले, रडेना, आणि बाहेर मृगाचा पाऊस कोसळतो आहे, अशा वेळी धर्मगुरूंना कोण आणणार? खोलीत असे ती सुईण. ख्रिस्तसभेने हे फार पूर्वीच ओळखले होते. गरज पडल्यास स्त्री, इतकेच नव्हे तर अख्रिस्ती व्यक्तीही, योग्य हेतूने स्नानसंस्कार देऊ शकते, हे फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेने १४३९ साली स्पष्ट केले. १६१४ च्या रोमन विधिग्रंथात आणि पुढे १९१७ च्या धर्मविधिसंहितेत धर्मगुरूंना बजावले होते, की भाविकांना, विशेषतः सुईणींना, हा विधी नीट शिकवावा. म्हणजे जिला अक्षरओळख नव्हती, वेदीजवळ जिला स्थान नव्हते, त्या बाईच्या ओंजळीत संस्कार होता. मग ती हिंदू असो वा मुसलमान. पाणी डोक्यावरून वाहिले पाहिजे आणि शब्द अचूक हवेत, एवढीच अट.

याच काळात धर्मभगिनींना मात्र प्रसूतीच्या खोलीत प्रवेश नव्हता. व्रतस्थ स्त्रियांनी सुईणपण करू नये, असा ख्रिस्तसभेचा दंडक होता. भारतात स्त्रिया पुरुष डॉक्टरांपुढे जात नाहीत आणि त्यामुळे मरतात, हे डॉ. अ‍ॅना डेंगेल यांनी रावळपिंडीत प्रत्यक्ष पाहिले. त्यांच्यासारख्यांच्या चिकाटीमुळे ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमने ही बंदी उठवली. आपल्याच परिसरात, महाकालीच्या रस्त्यावर, १९६७ साली पवित्र आत्म्याच्या सेविका धर्मभगिनींचे 'होली स्पिरिट' रुग्णालय उभे राहिले. बाळंतपण घरातून रुग्णालयात गेले आणि सुईण मागे पडली. १९८३ च्या नव्या संहितेत स्नानसंस्काराची रीत सर्व भाविकांना शिकवावी असे म्हटले आहे. 'सुईण' हा शब्द तेथून गळाला आहे.

सुईणीच्या हातून घडे ते सारेच चांगले होते, असे आम्ही म्हणणार नाही. अस्वच्छ सुरीने कापलेल्या नाळेतून धनुर्वात होई. बाळंतीण आणि बाळ यांच्या धनुर्वाताचे देशातून निर्मूलन झाल्याचे २०१५ साली जाहीर झाले, त्याचे मोठे श्रेय लसीला आणि रुग्णालयातील बाळंतपणाला आहे. नाकाकानांत तेल घालणे, शेगडीवर शेपा-ओवा टाकून बाळाला धुरी देणे, या गोष्टी डॉक्टर नको म्हणतात ते योग्यच. जन्मल्या जन्मल्या न्हाऊ घालण्याची घाईही चुकीची होती. बाळ गार पडते. पहिली अंघोळ निदान चोवीस तास लांबवावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

पण तेल जिरवण्याची रीत वाया गेलेली नाही. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातील डॉक्टरांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना खोबरेल चोळले असता वजन अधिक वेगाने वाढल्याचे आढळले. आजीला हे ठाऊक होते असे म्हणण्याचा मोह होतो. ठाऊक नव्हते, सवय होती.

आणि त्या सवयीत आणखी एक गोष्ट होती. पाटावर पाय लांब करून बसायचे, बाळाला नडग्यांवर आधी पालथे, मग उताणे घ्यायचे, तांब्याने कोमट पाण्याची धार धरायची, आणि हे चालले असता बोलणे क्षणभरही थांबवायचे नाही. पाठ, पोट, कान, बोटे यांची नावे मूल प्रथम येथे ऐकते. जे नाव कानी पडते, त्याच अवयवाला त्याच क्षणी हात लागतो. नवजात बालक आईचा आवाज इतर आवाजांतून ओळखते, हे अमेरिकेतील प्रयोगांनी १९८० साली दाखवले. आपल्या कॅथलिक मारिया माँटेसरीबाईंनी ६ जानेवारी १९०७ रोजी, तीन राजांच्या सणादिवशी, रोमच्या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. १९३९ साली त्या भारतात आल्या. अहमदाबादच्या व्याख्यानांवर आधारलेले त्यांचे पुस्तक १९४९ साली अड्यारहून निघाले. शिक्षण जन्मापासूनच सुरू होते, भोवतालची भाषा मूल न शिकवता शोषून घेते, असा त्यातला विचार आहे. मरोळच्या न्हाणीत तो कुणी वाचला नव्हता.

बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणारी बाई आजही अंधेरीच्या इमारतींतून येते. महिना-सव्वा महिना येते आणि जाते. आपल्या कित्येक घरांत आता आईवडील बाळाशी इंग्रजीत बोलतात. अशा घरात बाळाच्या कानी पडणारे मराठी बहुधा तिचेच असते, आणि ती गेली की ते थांबते.

स्नानसंस्काराच्या नोंदीत बाळाचे नाव असते, आईबापांचे, धर्मपिता-धर्ममातेचे, आणि संस्कार देणाऱ्याचे. म्हणजे सुईणीचे नाव दप्तरात येण्याची वाट एकच होती : बाळ मरणाच्या दारी असणे. ज्या बाळांना तिने धडधाकट न्हाऊ घातले, त्यांच्या ओळीत ती नाही.