बॅरिअॅट्रिक सर्जरी : वजन कमी करण्याच्या ऑपरेशनआधी काय तयारी करायची आणि नंतर काय सांभाळायचं?

"ऑपरेशन केलं आणि ४० किलो वजन कमी झालं." असे आधीचे-नंतरचे फोटो तुमच्याही फीडवर येत असतील. भाजप नेते नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये मुंबईत अशी शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा महाराष्ट्रात घरोघरी तिची चर्चा झाली होती. पण त्या दोन फोटोंच्या मधल्या काळात नेमकं काय होतं, हे फारसं कुणी सांगत नाही. तेच समजून घेऊया.

ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात?

आधी एक गैरसमज दूर करूया. ही चरबी काढण्याची, म्हणजे लायपोसक्शनची शस्त्रक्रिया नाही. यात बदल केला जातो तो पचनसंस्थेत.

सर्वाधिक होणारे प्रकार दोन. 'स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी'मध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी शिल्लक ठेवतात. 'गॅस्ट्रिक बायपास'मध्ये जठराची लहानशी पिशवी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. दोन्हींत पोट लवकर भरतं आणि भूक लावणाऱ्या हार्मोन्समध्येही बदल होतो. त्यामुळेच अनेक रुग्णांची शुगर वजन फारसं उतरण्याआधीच सुधारू लागते.

बहुतेक वेळा हे ऑपरेशन दुर्बिणीतून होतं आणि रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी जातो.

कुणाला करता येतं?

हे बीएमआयवरून ठरतं. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय मिळतो. उदाहरणार्थ, उंची १६० सेंटिमीटर आणि वजन ९० किलो असेल, तर बीएमआय साधारण ३५ येतो.

२०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार बीएमआय ३५ किंवा अधिक असेल तर इतर आजार नसले तरी शस्त्रक्रियेची शिफारस करता येते. मधुमेहासारखा चयापचयाचा आजार असेल, तर ३० च्या पुढेही विचार होतो. आशियाई लोकांना कमी वजनातही मधुमेह आणि हृदयविकार गाठतात, म्हणून त्यांच्यासाठी ही मर्यादा २७.५ पर्यंत खाली आणली आहे.

पण विम्याचे नियम वेगळे आहेत. विमा नियामक 'आयआरडीएआय'च्या नियमांनुसार खर्च मिळण्यासाठी बीएमआय किमान ४० हवा. किंवा ३५ च्या पुढे बीएमआय आणि सोबत अनियंत्रित टाइप २ मधुमेह, गंभीर स्लीप अॅप्निया, हृदयविकार असा आजार हवा. थोडक्यात, डॉक्टरांनी 'करू शकता' म्हटलं तरी विमा कंपनी 'नाही' म्हणू शकते. त्यामुळे तारीख ठरवण्याआधी पॉलिसीतली प्रतीक्षा कालावधीची अट वाचा आणि कंपनीकडून लेखी उत्तर घ्या.

आधी काय तयारी लागते?

- तपासण्या : रक्त, शुगर, थायरॉइड, लोह, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व, हृदयाची तपासणी, पोटाची सोनोग्राफी. गरजेनुसार एंडोस्कोपी आणि झोपेची तपासणीही होते.
- आहार : साधारण दोन आठवडे कमी कॅलरी आणि भरपूर प्रथिनं असलेला आहार दिला जातो. यामुळे यकृताची सूज आणि आकार कमी होतो, सर्जनला जठरापर्यंत पोहोचणं सोपं जातं.
- तंबाखू आणि सिगारेट : काही आठवडे आधीपासून पूर्ण बंद. जखम भरायला आणि फुफ्फुसांना त्याचा थेट फायदा होतो.
- औषधं : रक्त पातळ करणाऱ्या, मधुमेहाच्या आणि हार्मोनच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना सांगा. स्वतःहून काही बंद करू नका.
- समुपदेशन : ताण आला की खाणं ही सवय असेल, तर ती ऑपरेशनने जात नाही. त्यावर आधीच काम करावं लागतं.

घरी आल्यावर काय खायचं?

सुरुवातीला पाणी, नारळपाणी, गाळलेलं सूप, वरणाचं पाणी असे पातळ पदार्थ. मग ताक, दूध, प्रोटीन पावडर. साधारण दोन आठवड्यांनंतर मऊ वाटलेलं अन्न, मग मऊ शिजवलेली मुगाची डाळ, पनीर, अंडं, मासे. पोळी-भाकरी साधारण दीड-दोन महिन्यांनी. हे टप्पे प्रत्येक हॉस्पिटलमध्ये थोडे वेगळे असतात, आपल्या आहारतज्ज्ञांचा तक्ता पाळा.

दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात. शाकाहारी व्यक्तींना एवढ्याशा पोटात ती बसवणं अवघड जातं, म्हणून ताटातला पहिला घास डाळ किंवा पनीरचा हवा, भाताचा नाही. पाणी जेवणासोबत नको. अर्ध्या तासाच्या अंतराने, घोट घोट प्या. गोड खाल्ल्यावर घाम, धडधड, जुलाब होत असतील, तर त्याला 'डम्पिंग' म्हणतात. बायपासनंतर हे जास्त दिसतं.

धोके कोणते?

अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४,७७६ रुग्णांच्या अभ्यासात ३० दिवसांतील मृत्यूचं प्रमाण ०.३ टक्के होतं. म्हणजे धोका कमी आहे, शून्य नाही.

खालीलपैकी काही झालं तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा : ताप, वाढत जाणारी पोटदुखी, विश्रांतीतही खूप वाढलेली नाडी, धाप लागणं, एका पायाला सूज, पाणीही पोटात न टिकणं. जठराच्या शिवणीतून गळती किंवा रक्ताची गुठळी ही त्यामागची कारणं असू शकतात. सतत उलट्या होत राहिल्या, तर बी-१ जीवनसत्त्व कमी होऊन मज्जासंस्थेला इजा होऊ शकते. 'ऑपरेशननंतर होतंच असं' म्हणून अंगावर काढू नका.

तिसऱ्या महिन्याच्या आसपास केस गळतात. ते बहुतेकदा पुन्हा येतात. वजन झपाट्याने उतरल्यामुळे पित्ताशयात खडेही होऊ शकतात.

आयुष्यभर काय पाळायचं?

जीवनसत्त्वं, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या कायमच्या घ्याव्या लागतात, रक्ततपासणीही दरवर्षी करावी लागते. बायपासनंतर दुखण्यावर आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या टाळाव्यात, कारण अल्सरचा धोका असतो. दारूही लवकर आणि जास्त चढते. स्त्रियांनी १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो, त्यामुळे दुसरा पर्याय डॉक्टरांना विचारा. चतुर्थी-नवरात्रीचे उपवासही त्यांना विचारूनच.

बहुतेकांचं वजन पहिल्या वर्ष-दीड वर्षात सर्वाधिक उतरतं. पुढे काहींचं थोडं परत वाढतं, तो काही गुन्हा नाही. लाजेखातर तपासणी टाळण्यापेक्षा डॉक्टरांकडे जा.

आणि घरच्यांसाठी एक सांगणं : लग्नात, सणात 'एकच घास' म्हणून आग्रह करू नका. त्या छोट्या पोटाला तोही घास जड जाऊ शकतो.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. निर्णय आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.)