हाडांचे दुखणे आणि चेहऱ्याची कळ : एका दुहेरी व्याधीचा इतिहास

कळंबच्या चिंतामणीचे दर्शन घ्यावयाचे तर पायऱ्या उतरून खाली जावे लागते. आज ज्या दुखण्याचा इतिहास सांगावयाचा आहे, त्याचेही काहीसे तसेच आहे. दुखते ते गालावर. मूळ मात्र खोल, कवटीच्या तळाशी असू शकते.

चेहऱ्याची ही कळ विजेच्या झटक्यासारखी येते. दात घासणे, घास चावणे, गालाला वाऱ्याची झुळूक लागणे, एवढे निमित्त तिला पुरते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अकरा शिरोरोग सांगितले आहेत. त्यांतील 'अनंतवात' हा याच्याशी पुष्कळ जुळतो, असे अनेक वैद्य मानतात. मानेच्या मागून उठलेली वेदना डोळा, भुवई व कानशील येथे ठाण मांडते, गाल थरथरतो, जबडा जखडतो, असे तेथे वर्णन आहे.

युरोपात 1756 मध्ये निकोला आंद्रे या फ्रेंच शल्यवैद्याने या कळेला नाव दिले आणि 1773 मध्ये लंडनच्या जॉन फॉदरगिलने तिचे नेटके वर्णन केले. पण दुखरा मज्जातंतू कोणता, हेच कळले नव्हते. शल्यवैद्य चेहरा हलविणारा मज्जातंतू कापीत. वेदना तशीच राही आणि तोंड मात्र वाकडे होई! 1820 नंतरच्या दशकात चार्ल्स बेल याच्या संशोधनाने उलगडा झाला : चेहरा हलविणारा सातवा मज्जातंतू निराळा, आणि संवेदना नेणारा तीन शाखांचा पाचवा निराळा. पुढे वॉल्टर डँडी यांना या पाचव्याच्या मुळावर रक्तवाहिनी दाबत असल्याचे आढळले. 1960 नंतर पीटर जॅनेटा यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ती वाहिनी दूर सारण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. औषधही याच काळात मिळाले. 1953 मध्ये गायगी कंपनीत तयार झालेले कार्बामाझेपिन या कळेवर चालते, हे 1962 मध्ये ब्लोम या स्वीडिश डॉक्टरांनी दाखविले.

आता दुसरा धागा. 1788 मध्ये स्वीडनच्या ओलोफ एकमन याने आपल्या प्रबंधात एका घराण्याची हकीकत लिहिली. त्या घरात पिढ्यान्पिढ्या माणसांची हाडे सहज मोडत. या रोगाला आज 'ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा' म्हणतात. हाडाला चिवटपणा देणाऱ्या कोलॅजनच्या जनुकातच बहुधा दोष असतो, हे 1983 पासून उलगडत गेले. मध्यंतरी या रोग्यांना फ्लोराइडही देऊन पाहिले. ज्या फ्लोराइडने आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील काही गावांच्या पाण्यातून दात व हाडे बिघडविली, तेच हे! त्याचा उपयोग झाला नाही. 1998 मध्ये माँट्रियलच्या ग्लोरिओ यांनी पामिड्रोनेट या औषधाने मुलांची हाडे अधिक भरीव होतात, असे दाखविले.

हे दोन धागे एकत्र कोठे येतात? कवटीच्या तळाशी. तेथील हाड मऊ असले की डोक्याच्या भाराने ते आत दबते, मानेचा वरचा मणका वर घुसल्यासारखा होतो, आणि मेंदूच्या देठावर व मज्जातंतूंवर ताण येतो. अशा काही रोग्यांत चेहऱ्याची कळ ही त्या दाबाचीच खूण असते.

मग उपचार कसा करावयाचा? येथेच खरा पेच आहे. कार्बामाझेपिन कळ शमविते. पण ते दीर्घकाळ घेतल्यास शरीरातील ड जीवनसत्त्व घटू शकते व हाडे अधिकच दुबळी होतात. त्याने गुंगी व भोवळ येते. आणि ज्याचे हाड साध्या पडण्याने मोडते, त्याला भोवळ परवडत नाही. गालातून सुई घालून मज्जातंतू बधिर करावा, तर कवटीचा तळ वाकलेला असल्याने वाट चुकण्याचा संभव. दातच दुखतो असे समजून तो उपटावा, तर हाडांची औषधे चालू असता जबड्याची जखम भरून येणे कठीण जाऊ शकते.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील अतुल गोएल यांनी लाहेरी यांच्यासह 1994 मध्ये मानेचे पहिले दोन मणके पट्टी व स्क्रूने जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे कवटीत घुसलेल्या मणक्यावरही त्यांनी ती योजिली. ती जगभर गेली. पण ठिसूळ हाडात स्क्रू धरेलच, असे नाही. अमेरिकेत आयोवाचे अर्नोल्ड मेनेझेस यांनी 1997 मध्ये अशाच रोग्यांचा अनुभव मांडला : शस्त्रक्रियेने आराम पडला, तरी तळ दबण्याचे अनेकांत थांबले नाही. म्हणून वर्षानुवर्षे लक्ष ठेवावे लागते.

इतिहासाचा बोध एवढाच की, चुकीचा मज्जातंतू कापण्यापासून चुकीचा दात उपटण्यापर्यंत, घाई रोग्यालाच भोवली आहे. सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय 1969 पासून, यवतमाळचे 1989 पासून आहे. आपल्याला ही दारे दूर नाहीत. घरात वारंवार हाडे मोडणारा कोणी असेल आणि त्याला गालाची कळ, चालताना तोल जाणे किंवा गिळताना त्रास सुरू झाला, तर त्याची मान कोणाकडून मोडून अगर चोळून घेऊ नये. आधी डॉक्टरांकडून कवटी व मान यांचे चित्रण करवून घ्यावे. औषध आपल्या मनाने एकदम बंद करू नये. आणि कोणत्याही वैद्यापुढे बसताना गालाच्या कळेआधी हाडांची हकीकत सांगावी. कारण ती न सांगितल्यास वैद्यास ती गालावरून दिसणार नाही.