रोज थोडं थोडंच का? शेवाळाने सांगितलेली गोष्ट

मागच्या वर्षी मावशीचं रेडिएशन चालू होतं. आठवड्यातून पाच दिवस, असे २५ दिवस. ने-आण माझ्याकडे. एकदा ती म्हणाली, "अरे, एकदाच काय ते जोरात देऊन मोकळे का होत नाहीत?" मी पडलो सॉफ्टवेअरवाला, मला काय कळतंय! शोधत गेलो आणि पोचलो थेट शेवाळापर्यंत.

१९०६ साली फ्रान्समध्ये बर्गोनिए आणि त्रिबोंदो यांनी नियम मांडला: जी पेशी जास्त विभागते, ती किरणांना जास्त बळी पडते. पण तीच पेशी कधी नाजूक, कधी चिवट असते का?

हे बघायला आधी पेशीचं वेळापत्रक हवं. ते १९५३ मध्ये लंडनच्या हॉवर्ड आणि पेल्क यांनी मांडलं: जी-१, मग एस म्हणजे डीएनएची कॉपी, मग जी-२, मग एम म्हणजे विभाजन.

आता खरी अडचण. बशीत लाखो पेशी, प्रत्येकीचं घड्याळ वेगळं. किरण मारले तरी उत्तर येतं सरासरीचं. लॉगमध्ये टाइमस्टॅम्प नसले की बग सापडत नाही ना, तसंच.

इथे शेवाळ कामाला आलं. त्याच १९५३ मध्ये टोकियोत तामिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लोरेला या एकपेशीय शेवाळाच्या पेशी उजेड-अंधाराच्या मदतीने एका तालावर आणल्या. क्लॅमिडोमोनास हे दुसरं हिरवं शेवाळ तर दिवसा वाढतं, रात्री विभागतं. १२ तास उजेड, १२ तास अंधार दिला की सगळ्या पेशी साधारण एकदमच फुटतात. मग ठरावीक तासांनी नमुना काढा, तेवढाच डोस द्या, किती वाचल्या ते मोजा. १९६५ मध्ये डेव्हिस यांनी अतिनील किरणांबाबत हाच प्रश्न घेतला: पेशीची सहनशक्ती चक्रात बदलते, आणि त्याचा संबंध तिच्या दुरुस्तीच्या यंत्रणेशी लागतो.

माणसाच्या पेशी उजेडाचं ऐकत नाहीत. पण विभागताना त्या गोल होतात, काचेवरची पकड सैल होते. अमेरिकेत तेरासिमा आणि टोलमॅक यांनी बाटली हलवून नेमक्या तेवढ्याच गोळा केल्या. १९६१ मध्ये निकाल आला: एक्स-रेपुढे विभाजनाच्या वेळी पेशी फारच नाजूक, डीएनएची कॉपी पुढे सरकते तशी चिवट.

म्हणजे आज चिवट टप्प्यात असलेली कॅन्सरची पेशी उद्या नाजूक टप्प्यात सापडू शकते. कारण हे एकटंच नाही. मधल्या वेळात निरोगी पेशी स्वतःची डागडुजी करतात, हे त्याहून मोठं कारण.

मावशीला हे सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे रोज दार वाजवायचं. कधीतरी घरात सापडेलच की!"

भेटू पुढच्या भागात.