फायली (धूमकेतू-अवतरक)

धूमकेतूवर नियंत्रितपणे उतरून तेथे काम केलेले पहिले यान. युरोपीय अवकाश संस्थेच्या रोझेटा मोहिमेतील हे सुमारे १०० किग्रॅ.चे अवतरक १२ नोव्हेंबर २०१४ रोजी ६७पी/चुर्युमोव्ह–गेरासिमेंको या धूमकेतूवर पोहोचले. तेव्हा धूमकेतू पृथ्वीपासून ५१ कोटी किमी.वर होता. संदेश यायला २८ मिनिटे लागत, म्हणून पहिल्या स्पर्शाची खातरजमा झाली तेव्हा भारतात रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते.

धूमकेतूचे गुरुत्वाकर्षण नगण्य. पृथ्वीवर एक ग्रॅम पदार्थाला जेवढे वजन असते, साधारण तेवढेच तिथे या अख्ख्या यंत्राला. त्यामुळे उतरणे सोपे, टिकणे अवघड. जमिनीत रुतवायचे भाले सुटलेच नाहीत, यान खाली दाबून धरणारा वायुझोतही चालला नाही. फायली उसळले आणि सुमारे दोन तास भरकटत एका कड्याच्या सावलीत तिरपे विसावले.

फसलेल्या या अवतरणाने विज्ञानाचा फायदाच केला. पहिल्या आघातात उडालेली धूळ ‘कोसॅक’ या उपकरणात शिरली आणि त्याने १६ कार्बनी संयुगे नोंदवली. अ‍ॅसिटोन, अ‍ॅसिटामाइड यांसह चार संयुगे धूमकेतूवर प्रथमच आढळली. २०१५ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या या निष्कर्षांच्या लेखकांत चैतन्य गिरी हे भारतीय संशोधकही आहेत. धूमकेतूंतून जीवसृष्टीची बीजे पृथ्वीवर आली असावीत, ही हॉइल–विक्रमसिंघे यांची कल्पना मराठी वाचकाला जयंत नारळीकरांमुळे परिचित आहे. तिला मात्र यातून पुरावा मिळत नाही. सापडले ते रेणू, जीव नव्हेत.

अंतिम ठिकाणी तापमान उणे १८० ते उणे १४५ अंश से. होते. तेथे तापमापक खुपसण्यासाठी हातोडी पूर्ण ताकदीने चालवली, तरी धुळीखालचा बर्फमिश्रित थर फुटला नाही. रेडिओलहरींच्या मापनातून मात्र धूमकेतूच्या दोन खंडांपैकी लहान खंडाचा अंतर्भाग ७५ ते ८५ टक्के सच्छिद्र असल्याचे दिसले.

सावलीमुळे सौरपट्ट्यांना ऊन अपुरे पडले आणि अडीच दिवसांत मुख्य बॅटरी संपली. जून २०१५ मध्ये यान पुन्हा बोलले, ९ जुलैनंतर गप्प झाले. रोझेटाच्या कॅमेऱ्याने २ सप्टेंबर २०१६ रोजी त्याचा ठावठिकाणा टिपला.

उसळत्या प्रवासातील दुसऱ्या स्पर्शाची जागा २०२० मध्ये निश्चित झाली. तिथला बर्फ व धूळ यांचा थर कॅपुचिनो कॉफीच्या फेसाहूनही मऊ निघाला. हातोडीला न जुमानणारा थर तिथून जेमतेम ३० मीटरवर होता.