‘डिस्कस अबाउट’ का चुकतं? मराठी डोक्यातल्या इंग्रजीचा घोळ नेमका कुठे होतो

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात उभं राहून फोनवर ‘आय ॲम इन क्रांती चौक’ म्हटलं तर समोरच्याला सगळं कळतं. तरी इंग्रजीत तिथे ‘ॲट’ लागतं. जालना रोडवर असाल तर ‘ऑन’, गारखेड्यात राहत असाल तर ‘इन’. चौक म्हणजे नकाशावरचा ठिपका, रस्ता म्हणजे रेघ आणि वस्ती म्हणजे परिसर, असा हा हिशोब आहे. रिक्षात बसलात तर ‘इन’, पण सिटी बसमध्ये असाल तर ‘ऑन’. ज्या वाहनात उभं राहून चालता येतं, तिथे बहुतेक वेळा ‘ऑन’ येतं.

घोळाचं मूळ मराठीच्या रचनेत आहे. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं नामाच्या मागे चिकटतात: घरात, टेबलावर, आईसाठी. इंग्रजीत हेच शब्द नामाच्या आधी, सुटे येतात. शिवाय आपला एकटा ‘ला’ कितीतरी कामं करतो. ‘पुण्याला जातो’मध्ये तो ‘टू’ असतो, ‘पाचला येतो’मध्ये ‘ॲट’. आणि ‘मला चहा आवडतो’ म्हणताना तो इंग्रजीत चक्क गायब होतो, ‘मला’चं थेट ‘आय’ होतं.

सर्वनामांची गंमत आणखी वेगळी. ‘सर आले, ते म्हणाले’ हे आदराचं अनेकवचन इंग्रजीत नेलं की ‘दे सेड’ होतं आणि ऐकणारा विचारतो, किती जण होते? तिथे ‘ही’ म्हटल्याने सरांचा अपमान होत नाही. उलट मराठीत ‘आम्ही जेवायला चाललोय’ आणि ‘आपण जेवायला चाललोय’ यांत तुम्हाला बोलावणं आहे की नाही हे लगेच समजतं. इंग्रजीतलं ‘वुई’ एवढी साधी गोष्टही सांगत नाही.

आता ‘डिस्कस’. ‘विषयावर चर्चा केली’ हे डोक्यात असल्याने ‘डिस्कस्ड अबाउट’ तोंडात येतं. पण ‘डिस्कस’ला थेट कर्म लागतं, ‘वुई डिस्कस्ड द इश्यू’. गोंधळात भर अशी, की ‘डिस्कशन अबाउट’ मात्र बरोबर आहे, कारण ते नाम आहे. ही चूक फक्त आपलीच नाही, नायजेरिया आणि सिंगापूरमधल्या इंग्रजीतही ती सर्रास ऐकू येते. ‘एक्स्प्लेन मी’चं तसंच आहे. ‘मला समजावून सांग’ म्हणजे ‘एक्स्प्लेन इट टू मी’. ‘टेल मी’ चालतं, ‘से मी’ चालत नाही. लग्न मराठीत कुणाशी तरी होतं, म्हणून ‘मॅरीड विथ’ येतं. बरोबर आहे ‘मॅरीड टू’. ‘डिपेंड ऑन’ मात्र आयतं जुळतं, कारण आपणही कशावर तरीच अवलंबून असतो. या जोड्यांना पक्का नियम नाही, क्रियापदासोबतच पाठ कराव्या लागतात.

सर्वनाम आलं की शब्दांची जागाही बदलते. ‘पिक अप द पार्सल’ आणि ‘पिक द पार्सल अप’ दोन्ही चालतं. पार्सलच्या जागी ‘इट’ आलं की फक्त ‘पिक इट अप’. स्टँडवर घ्यायला या म्हणायचं असेल तर ‘पिक मी अप’, ‘पिक अप मी’ नव्हे.

इथवरच्या बहुतेक चुका समोरचा समजून घेतो. ‘पर्यंत’ची चूक महागात पडू शकते. ‘फॉर्म सोमवारपर्यंत भरा’ आणि ‘ऑफिस सोमवारपर्यंत बंद’ या दोन्हींत आपण एकच शब्द वापरतो. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘बाय मंडे’, म्हणजे सोमवार ही शेवटची मुदत. दुसऱ्यासाठी ‘टिल मंडे’ किंवा ‘अंटिल मंडे’, म्हणजे सोमवार येईपर्यंत तीच स्थिती. वाळूजच्या एखाद्या कंपनीत मुलाखतीला गेलेला उमेदवार ‘आय कॅन वर्क टिल फर्स्ट जून’ म्हणाला, तर त्याला एक जूनपर्यंत रुजू व्हायचं असतं, पण ऐकणाऱ्याला वाटतं की हा एक जूनला नोकरी सोडणार. त्याला म्हणायचं होतं, ‘आय कॅन जॉइन बाय फर्स्ट जून’.