ओटीचे रंग

ह्या स्मरणिकेसाठीं कांहीं तरी ऐतिहासिक लिहावें, अशी आज्ञा झाली तेव्हां आम्हीं प्रथम चर्चच्या जुन्या वह्या चाळावयास घेतल्या. परंतु विगारांची परंपरा, वेदीचा इतिहास, घंटा आणि शाळा हे सर्व विषय आमच्याहून अधिकारी अशा लेखकांकडे आधींच गेलेले होते. वह्या मिटून घरीं आलों आणि ओटीवर बसलों. समोरच्या घरीं ज्युबिलीनिमित्त रंगकाम चालू होतें, आमच्या स्वतःच्या ओटीचें नुकतेंच आटोपलें होतें. आणि मग असें वाटलें कीं, चर्चच्या दारापासून आपल्या दारापर्यंत येणारा जो इतिहास आहे, तो कोणीच लिहीत नाहीं. तेवढा आम्ही लिहितों. विषय हलका वाटल्यास वाचकांनीं क्षमा करावी.

कोंकणपट्टींतील घराची ओटी ही घराबाहेरची जागा नव्हे आणि घरांतलीही नव्हे. परका मनुष्य तेथवर येऊं शकतो. घरचा मनुष्य तेथें बसून साऱ्या गांवाशीं बोलूं शकतो. भाजीचे वाफे आणि केळीच्या बागा सांभाळून दमलेले आमचे वडील तेथेंच पाठ टेंकीत, संध्याकाळीं तेथेंच गुडघे टेंकून रोझरी होई, लग्नाचीं बोलणीं तेथेंच ठरत आणि घरांतून शेवटचे निघणारे तेथूनच निघत. इंग्रजांनीं जिला ‘व्हरांडा’ म्हटलें, तो शब्द पोर्तुगीज बखरींत फार जुना आहे. वास्को द गामाच्या १४९८ सालच्या सफरीच्या वृत्तांतांत कालिकतच्या प्रसंगीं ‘वरांद’ हा शब्द आलेला आहे. शब्द त्यांचा कीं आपला, हा वाद पंडितांचा. १५३४ त वसई पोर्तुगीजांकडे गेली व १७३९ त चिमाजी अप्पांनीं ती घेतली. राज्यें आलीं व गेलीं. ओटी मात्र दोन्ही अमलांत होती तशीच राहिली, एवढें आम्हांस पुरे आहे.

ओटीचा पहिला रंग म्हणजे चुना. समुद्रकांठीं शिंपले भाजून चुना काढीत. मुंबईंतील चुनाभट्टीचें नांवच ह्या धंद्याची साक्ष देतें. कळीचा चुना पाण्यांत टाकला म्हणजे तो आपोआप उकळूं लागतो, हें पाहण्यासाठीं लहानपणीं आम्ही पिंपाभोंवतीं गर्दी करीत असूं व डोळ्यांत उडेल म्हणून मार खात असूं. विरलेला चुना कांहीं दिवस मुरूं द्यावयाचा, मग फडक्यांतून गाळून पातळ करावयाचा, त्यांत थोडा डिंक किंवा सरस घालावयाचा आणि भिंत आधीं पाण्यानें ओली करून कुंच्यानें हात द्यावयाचा. हात पातळ द्यावयाचे आणि एकावर एक द्यावयाचे; एकच जाड हात दिला कीं त्याचे पोपडे सुटलेच म्हणून समजावें. हा चुना नुसता वाळत नाहीं. हवेंतील कार्बन डायॉक्साइड वायु शोषून तो हळूहळू पुन्हां दगडच होतो, म्हणजे भट्टींत जाण्यापूर्वीं तो जो होता तोच. आणि तरीही त्यांतून वाफ आरपार जाते. आमच्या जुन्या भिंती मातीच्या व दगडांच्या. त्या जोत्यांतून पावसाळाभर पाणी ओढीत असतात. चुना त्या पाण्यास उन्हाळ्यांत बाहेर जाण्याची वाट ठेवतो. ही गोष्ट मुद्दाम सांगून ठेवतों, कारण पुढें तिच्यावांचून आमची फजिती समजणार नाहीं.

चुना पांढरा, म्हणून ओटी पांढरीच असे असें नाहीं. जोत्याला काव, भिंतीला पिवडी, आणि हौस असल्यास निळीची छटा, असा साधा क्रम होता. काव म्हणजे लोहाचा गंज धारण केलेली तांबडी माती. दक्षिण कोंकणांत व गोमंतकांत हिच्याच जोरावर देवळांच्या भिंतींवर तांबड्या-पांढऱ्या नक्षीची कावी कला उभी राहिली. पिवडी ही तिचीच पिवळी बहीण. मातीचे हे रंग चुन्याच्या तिखटपणास भीत नाहींत आणि उन्हानें विटतही नाहींत. सर्वच रंगांची गोष्ट अशी नाहीं. अठराव्या शतकाच्या आरंभीं बर्लिनमध्यें निघालेला सुंदर गडद ‘प्रशियन’ निळा रंग चुन्यांत कालवला तर तो तपकिरी पडून नासतो. म्हणजे ज्यानें तो स्वस्त पाहून ओटीस लावला, त्याची ओटी निळी न होतां गंजलेली दिसेल.

निळ्याचीच कथा थोडी विस्तारानें सांगावयास हवी, कारण वेदीवरच्या पवित्र मरियेचा झगा आणि आमच्या ओटीचें छत ह्यांचा तो एक दुवा आहे. मध्ययुगांत युरोपच्या चित्रकारांस चांगला निळा रंग मिळे तो अफगाणिस्तानांतील बदखशानच्या खाणींतल्या लाजवर्द दगडापासून. समुद्रापलीकडून येई म्हणून त्याचें नांवच ‘अल्ट्रामरीन’ पडलें. तो इतका महाग असे कीं गिऱ्हाईक चित्रकाराशीं करार करतांना त्या रंगाची प्रत वेगळी लिहून घेई, आणि असा रंग मरियेच्या झग्यासाठीं राखून ठेवणें हाच तिचा मान समजला जाई. १८२४ त फ्रान्समधील एका उद्योगमंडळानें हा रंग कृत्रिम रीतीनें करून दाखवील त्यास ६,००० फ्रँकांचें बक्षीस लाविलें. १८२८ त तें जाँ-बातिस्त गिमे ह्यांस मिळालें. त्यानंतर राजांचा तो रंग धोब्याच्या पुडींत आला. कपड्यांस घालावयाची नीळ म्हणून जी पूड आमच्या आजीच्या काळीं मिळे, ती बहुधा झाडाची नीळ नसून हीच कृत्रिम लाजवर्दी असे. नांव तेवढें झाडाचें राहिलें. हा रंग चुन्याशीं भांडत नाहीं. सफेतींत चिमूटभर पडला तर पांढरें अधिक पांढरें दिसतें, मूठभर पडला तर भिंत आकाशासारखी होते. अमेरिकेंत दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर गुलामगिरींतून आलेल्या गुल्ला लोकांत ओटीचें छत फिकट निळें रंगविण्याची चाल आहे. भुताखेतांनीं उंबरा ओलांडूं नये म्हणून. आमच्याकडील छत निळें होई तें मरियेच्या भक्तीनें, असें आमची आजी म्हणे. खरें कारण कदाचित् उरलेली नीळ फुकट जाऊं नये हेंही असेल. आजीपुढें तसें बोलण्याची आमची छाती नव्हती.

रंगाचा संबंध हौसेइतकाच भीतीशींही आहे. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईंत मांडवी भागांत प्लेग दिसला आणि पाहतां पाहतां शहर रिकामें होऊं लागलें. सरकारी पथकें घरोघर जाऊन जंतुनाशकें शिंपडीत व भिंतींस चुना फांशीत. जो चुना सणाचा होता तो एकाएकीं रोगाची खूण झाला. त्याच दिवसांत वांद्र्याच्या पाखाड्यांतून लोकांनीं नवसाचे क्रूस उभारले. त्यांपैकीं कित्येक आजही रस्त्यांच्या कडेस उभे आहेत. त्याआधीं थोडींच वर्षें, १८८७ त, राणीच्या ज्युबिलीच्या वर्षीं, आमच्यांतील मुंबई, साष्टी, वसईकडील लोकांनीं ‘ईस्ट इंडियन’ हें नांव घेऊन संस्था स्थापिली होती. वांद्र्याचें रानवार, माझगांवची म्हातारपाखाडी, गिरगांवची खोताची वाडी ह्या वस्त्यांतील लांकडी कठड्यांच्या, बाहेरून जिना असलेल्या रंगीत ओट्या पाहण्यास आतां परदेशचे पाहुणे येतात. पुष्कळ घरें पडलीं व त्यांच्या जागीं इमारती चढल्या. जीं राहिलीं आहेत त्यांची ओटी रंगविणें म्हणजे, आमच्या मतें, ‘आम्ही अजून येथें आहों’ असें रस्त्यास सांगणें होय.

गोमंतकांत ओटीचा थाट निराळा. तेथील ‘बाल्कांव’ म्हणजे पायऱ्या चढून गेल्यावर दोहों बाजूंस बसण्याचे पक्के सोपे आणि वर खांबांवर कौलारू छप्पर. पणजी १८४३ त राजधानी झाली. तेथील फोंतेयनश वस्तींत पिवळीं, तांबडीं, निळीं घरें खांद्याला खांदा लावून उभीं आहेत व त्यांच्या कडा पांढऱ्या रेघेनें उठविलेल्या आहेत. शुभ्र रंग चर्चचा, म्हणून घरांनीं तो घेऊं नये असा पूर्वीं दंडक होता, असें गोमंतकीय परंपरेनें सांगतात. आम्हांस ही गोष्ट आवडते. पांढरें चर्च आणि त्याभोंवतीं रंगीत घरें, हें चित्र पाहिलें कीं दंडकापेक्षां तो शिष्टाचार वाटतो.

मग आला तेलाचा रंग. लांकडास तो पूर्वींपासून लागे. जवसाच्या तेलांत सफेता खलून खांब व चौकटी रंगवीत. परंतु डबा उघडून भिंतीस लावावयाचा तयार रंग सामान्य माणसाच्या आटोक्यांत आला तो आपल्याकडे कारखाने निघाल्यावर. हावड्यास शालिमारचा कारखाना १९०२ त निघाला, मुंबईंत लोअर परळला गहागन कंपनी १९२० त (तीच पुढें नेरोलॅक झाली), आणि दुसऱ्या महायुद्धांत परदेशी माल येईनासा झाला असतां १९४२ त मुंबईंतच चौघा मित्रांनीं एशियन पेंट्स काढली. तिच्या डब्यावरचा कुंचा घेतलेला खट्याळ गट्टू १९५४ त आर. के. लक्ष्मण ह्यांनीं काढला, तो आमच्या पिढीस देवदूतांइतकाच ओळखीचा. चकचकीत रंगाची ओटी ही पुढें नोकरीची, परदेशच्या मनिऑर्डरीची खूण झाली. चुना गरिबाचा ठरला.

येथें आमची फजिती सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या ओटीची पश्चिमेची भिंत पावसाच्या झडीनें फार खराब झाली. पूर्वीं त्या बाजूस चार महिने नारळीच्या झांपा बांधीत. तो उद्योग आम्हीं आळसानें सोडला होता. एका ठेकेदारानें सिमेंटचा गिलावा व वर तेलाचा चकचकीत रंग सुचविला, आणि आम्हीं मान डोलाविली. नाताळास ओटी आरशासारखी दिसली. पुढच्या पावसाळ्यानंतर भिंतीवर फोड आले, मग पोपडे, आणि पोपड्यांमागें मिठासारखी पांढरी बुरशी. ती बुरशी नव्हे, क्षार होते. जोत्यांतून वर चढलेल्या पाण्यास बाहेर पडण्याची वाट आम्हींच बंद केली होती. पाणी अडलें, क्षार रंगामागें साठले आणि फुगून त्यांनीं गिलावाच लोटून दिला. घरांत दोन तट पडले: ओटी पाडून लोखंडी जाळीचा बंद वरंडा करावा असें तरुण मंडळी म्हणूं लागली, आणि आमचे थोरले काका चार दिवस कोणाशींच बोलले नाहींत. पांचव्या दिवशीं ते एवढेंच म्हणाले, “बाबांची खाट कोठें ठेविली होती, तें आठवतें ना?” आजोबांना शेवटचें तेल लाविलें तें ह्याच ओटीवर. पाडण्याची भाषा तेथें थांबली.

सिमेंट उतरवून भिंतीस पुन्हां चुन्याचा गिलावा केला व एक उन्हाळा ती तशीच वाळूं दिली. सागवानी खांबांचें काम अधिक जपून करावें लागलें. जुन्या तेलरंगांत शिसें असतें. पांढऱ्या शिशाच्या वापरावर निर्बंध घालणारा करार जिनीव्हास १९२१ तच झाला होता. परंतु आपल्या देशांत घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दहा लक्ष भागांत ९० भागांहून अधिक नसावें, हा नियम २०१६ त होऊन १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. शिशाची धूळ लहान मुलांच्या बुद्धीस घातक असते. म्हणून मुलांस आजोळीं पाठविलें, खांब कोरडे न घांसतां पाण्यानें भिजवून खरवडले आणि खरवड पिशव्यांत भरून दूर केली. ज्यांचीं घरें जुनीं आहेत त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

खरवडतांना खांबाचा इतिहास उलटा उलगडत गेला. वर आकाशी, जो आम्हीं स्वतः लाविला. त्याखालीं चॉकलेटी, वडिलांच्या लग्नाचा. त्याखालीं हिरवा, ज्याचें कोणासच कांहीं आठवेना. आणि लांकडास लागून कावेची तांबूस झांक. काकांनीं चष्मा काढून त्या हिरव्यावर बोट ठेविलें व पुष्कळ वेळ पाहिलें. तो त्यांच्या आईनें निवडलेला होता, असें त्यांना मागाहून आठवलें.

शेवटीं जोत्याला काव, भिंतीला पिवडी, छताला नीळ आणि खांबांना हिरवा असें ठरलें. छतास किती नीळ घालावी ह्यावरून पुन्हां वाद झालाच. दोन वेळां कालवलेला चुना फुकट गेला. पश्चिमेकडे झांपा पुन्हां बांधल्या आहेत. उजवीकडच्या खांबाच्या मागल्या अंगास वीतभर जागा मात्र खरवडून तशीच ठेविली आहे. तेथें सर्व रंग एकाखालीं एक दिसतात. ज्युबिलीच्या दिवशीं जे कोणी घरीं येतील त्यांस आम्ही ती दाखवूं.